सडपातळ कुत्र्याचे उन्हाळी जाकीट : मापात असेल तरच उपयोगी

उन्हाळा सुरू झाला की या सदरात दरवर्षी उष्माघाताविषयी लिहावे लागते. तो लेख माणसांसाठी असतो. परंतु अलीकडे वाचकांच्या पत्रांतून एक निराळा प्रश्न येऊ लागला आहे. घरी कारवानी किंवा पश्मी कुत्रा आहे, त्याला रोज धावायला न्यावे लागते, आणि बाजारात कुत्र्यांसाठी अंग गार ठेवणारे जाकीट मिळते. ते घ्यावे काय, आणि घ्यायचे तर कोणत्या मापाचे, असे ही मंडळी विचारतात.

मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याच्या आजारावर औषधोपचार करणे हे पशुवैद्यकाचे काम, आणि ते त्यांच्याकडेच राहावे. परंतु शरीरातील उष्णता बाहेर कशी पडते आणि ती पडली नाही तर काय होते, हे शास्त्र माणसाला व कुत्र्याला बरेचसे सारखेच लागू आहे. शिवाय असल्या कुत्र्यामागे धावणारा मालकही त्याच उन्हात असतो. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

कुत्रा गार कसा होतो?

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजे आपल्याला ज्याला ताप म्हणतात, ते त्याचे नेहमीचे तापमान होय. हात लावून ‘अंग गरम लागते’ असे ठरवण्यात अर्थ नसतो, तो यामुळे.

आपल्याला उकडले की अंगभर घाम येतो, घामाची वाफ होते आणि त्वचा गार पडते. कुत्र्याला ही सोय नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी पंजांच्या तळव्यांशी असतात आणि त्यांचा उपयोग अगदी थोडा. त्याचा मुख्य आधार म्हणजे धापा टाकणे. जीभ बाहेर काढून तो जलद श्वास घेतो, तेव्हा जीभ, तोंड व नाकाच्या आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि तेथून वाहणारे रक्त गार होते.

बाहेरची हवा अंगापेक्षा थंड असेल तर काही उष्णता आपोआप हवेत जाते. पण आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंश सेल्सिअसला जातो, म्हणजे जवळजवळ १०८ अंश फॅरनहाइट. अशा वेळी हवाच कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम असते. मग उष्णता बाहेर टाकायला वाफेखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. जाकिटाचा उपयोग येथे आहे.

सडपातळ कुत्र्याचे वेगळेपण

कारवानी, पश्मी, मुधोळ ही नावे आपल्या वाचकांना नवीन नाहीत. सोलापूर, सांगली, कोल्हापूरपासून थेट मुधोळपर्यंतच्या माळरानावर ही जात वाढली. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे चित्र असलेले तिकीटही काढले. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट, पातळ कातडी, आखूड केस आणि अंगावर चरबी जवळजवळ नाही, अशी याची ठेवण असते. पूर्वी त्याला सशामागे सोडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पण धाव त्याच्या रक्तातच आहे.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ही ठेवण कोरड्या, उष्ण मुलखालाच योग्य आहे. सावलीत, वाऱ्याला बसलेल्या निरोगी कारवानी कुत्र्याला कोणत्याही जाकिटाची गरज नाही. चपट्या नाकाचे पग किंवा जाड केसांचे परदेशी कुत्रे उन्हाने जितके हैराण होतात तितका हा होत नाही. पहाटे वीस मिनिटे फिरवून आणत असाल तर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

धोका आहे तो धावण्यात. याच्या शरीरात स्नायूंचा भाग मोठा असतो, आणि जोरात धावणारा स्नायू फार उष्णता निर्माण करतो. त्या मानाने धापांनी बाहेर पडणारी उष्णता कमी. त्यात या जातीचा स्वभाव असा, की समोर काही पळताना दिसले की तो थांबत नाही. दमलो, आता पुरे, असे तो मालकाला सांगत नाही. म्हणून ज्यांचा कुत्रा मैदानात धावतो, शर्यतीचा सराव करतो किंवा शेतावर दिवसभर मालकाबरोबर हिंडतो, त्यांनी जाकिटाचा विचार जरूर करावा.

जाकीट म्हणजे अंगावरचा माठ

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकात पाणी शोषून घेणारे कापड असते. ते भिजवून, पिळून अंगावर घालतात. दुसऱ्यात बर्फाच्या किंवा गोठवलेल्या द्रवाच्या पिशव्या ठेवायला खिसे असतात.

यांतला पहिला प्रकार आपल्या हवेला अधिक उपयोगी आहे. त्याचे कारण शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानात आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. तेवढ्याच पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, म्हणजे सातपटीहून अधिक. माठातले पाणी बर्फाशिवाय गार होते ते याच तत्त्वावर. शिवाय बर्फाच्या पिशव्या जड असतात, घसरून एका बाजूला येतात आणि पातळ कातडीला थेट टेकल्या तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. आतली उष्णता मग कातडीपर्यंत पोचतच नाही.

ओल्या जाकिटालाही मर्यादा आहे. हवा कोरडी असेल आणि वारा लागत असेल तरच वाफ होते. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात मे महिन्यात त्याचा फारसा गुण येत नाही. आपल्याकडेही वळीव पडून गेल्यावर हवा दमट होते, तेव्हा तोच अनुभव येईल. घरच्या घरी ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्या दिवशी माठातले पाणी गार होत नाही, त्या दिवशी जाकीटही कुत्र्याला गार करणार नाही.

आता मापाचा मुद्दा. कापडातल्या पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता काही कुत्र्याच्या अंगातून येते, काही बाहेरच्या हवेतून व उन्हातून. कापड अंगाला टेकलेले असेल तर अंगातून जास्त येईल. मध्ये बोटभर पोकळी राहिली तर जाकीट स्वतः गार होईल आणि कुत्रा आत तसाच गरम राहील. म्हणून ढगळ जाकीट घेणे म्हणजे माठ शेजारच्या खोलीत ठेवून तहान भागण्याची वाट पाहण्यासारखे आहे. उलट, करकचून बसणारे जाकीट त्याहून वाईट. धापा टाकताना छाती फुलावी लागते. ती आवळली तर गार होण्याचा मुख्य मार्गच अडेल.

माप कसे घ्यावे?

तयार जाकिटाच्या पुड्यावर बहुधा वजन लिहिलेले असते, किंवा लहान, मध्यम, मोठे असे. सडपातळ कुत्र्याला हे माप फसवे ठरते. सारख्या वजनाचा आखूड, भरदार कुत्रा आणि कारवानी यांच्या अंगात फार फरक असतो. समजा, कारवानीची छाती २८ इंच आहे आणि कंबर १९ इंच. छातीला बसेल असे जाकीट कमरेला नऊ इंच ढगळ होईल. कमरेला बसेल असे घेतले तर ते छातीवर चढणारच नाही.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी शिंप्याची कापडी फीत घेऊन, कुत्रा चारही पायांवर सरळ उभा असताना पुढील मापे कागदावर लिहून घ्यावीत.

१. छाती : पुढच्या पायांच्या मागे, कोपरापासून दोन बोटे सोडून, छाती सर्वांत खोल असेल तेथे फीत गोल फिरवावी. हे सर्वांत महत्त्वाचे माप. जाकीट यावरूनच निवडावे.

२. कंबर : शेवटच्या फासळीच्या मागे, पोट सर्वांत आत गेलेले असते तेथे. छाती व कंबर यांतील फरक जितका मोठा, तितके जाकीट मागच्या बाजूने आवळता येणे आवश्यक.

३. मानेचा तळ : पट्टा बसतो तेथे नव्हे, तर मान खांद्यांना मिळते तेथे. या कुत्र्याचे डोके निमुळते असते, त्यामुळे डोक्यातून घालायचे जाकीट सहज चढते आणि तितक्याच सहज निघते.

४. पाठ : मानेच्या तळापासून शेवटच्या फासळीपर्यंत एक माप, आणि शेपटीच्या मुळापर्यंत दुसरे. धावणाऱ्या कुत्र्याला पहिले माप धरावे. हा कुत्रा धावताना पाठीची कमान करतो व पुन्हा ताणतो. शेपटीपर्यंतचे लांब जाकीट प्रत्येक झेपेला गोळा होऊन पुढे सरकते.

दोन मापांच्या मध्ये आपला कुत्रा येत असेल तर छातीला बसणारे मोठे माप घ्यावे आणि कंबर शिंप्याकडून आत घेऊन घ्यावी. हे काम थोड्या वेळात होते.

घालून पाहताना

जाकीट प्रथम कोरडेच घालून पाहावे. कडेखाली सगळीकडे दोन बोटे सपाट शिरली पाहिजेत. मूठ शिरत असेल तर ते ढगळ आहे. कुत्र्याने धापा टाकायला सुरुवात केल्यावर पुन्हा बोटे घालून पाहावीत, कारण तेव्हाच छाती किती फुलते ते कळते.

त्यानंतर बगल पाहावी. या कुत्र्याची छातीची मधली हाड-रेषा टोकदार असते व बगलेतील कातडी अतिशय नाजूक. जाकिटाची शिवण, बक्कल किंवा पट्ट्याची कड तिथे येता कामा नये. पुढचा पाय हाताने पुढे-मागे करून पाहावा; खांद्याचे हाड कापडात अडकत नाही ना, याची खात्री करावी.

नर कुत्रा असेल तर पोटाखालचा पट्टा लघवीच्या जागेच्या बराच पुढे हवा. नाहीतर पट्टा लघवीने भिजतो आणि तेथे पुरळ उठते. चिकटपट्टीपेक्षा बक्कल बरे. ओली, केसाळ झालेली चिकटपट्टी धरत नाही. आणि साखळी किंवा दोरी कधीही जाकिटाला बांधू नये. ती गळ्यातल्या रुंद पट्ट्यालाच असावी.

पहिल्या दिवशी घरात दहा मिनिटे, मग अंगणात, मग ओले करून फिरायला, असे क्रमाने न्यावे. पहिल्या फेरीनंतर जाकीट काढून बगल, छाती व मानेची कातडी पाहावी. तांबडी रेघ दिसली तर माप चुकले आहे. दोन दिवसांनी सवय होईल म्हणून वाट पाहू नये.

कापड व शिलाई

रंग पांढरा किंवा फिकट असावा. काळे कापड ऊन शोषते. आतला थर पातळ व जाळीदार, मधला पाणी धरणारा आणि बाहेरचा हवा जाऊ देणारा असावा. रेनकोटासारखे कापड बाहेरून लावलेले असेल तर ते जाकीट घेऊ नये. वाफ बाहेर जाणारच नाही.

आपल्या गावात तयार जाकीट मिळाले नाही तरी अडत नाही. मापे नीट घेतली असतील तर कोणताही शिंपी ते शिवून देईल. आत मलमल, मध्ये जुन्या टर्किश टॉवेलचा एक थर, वर पांढरे पातळ सुती कापड, आणि छाती व कंबर यांना वेगवेगळे आवळता येतील असे दोन पट्टे, एवढे पुरे. भिजवून पिळल्यावर ते अर्धा किलोच्या आत असावे. अनेकदा असे शिवलेले जाकीट विकतच्यापेक्षा अंगावर चांगले बसते, कारण ते त्याच कुत्र्याच्या मापाचे असते.

वापरताना घ्यायची काळजी

जाकीट नळाच्या किंवा माठातल्या पाण्यात भिजवावे, बर्फाच्या पाण्याची गरज नाही. पाणी ठिबकणार नाही इतपत पिळावे. वाळू लागले की पुन्हा भिजवावे किंवा काढून टाकावे. वाळलेले जाकीट हा एक जादा कपडा होतो आणि उष्णता आतच कोंडतो. बंद मोटारीत किंवा खिडक्या लावलेल्या खोलीत ओले जाकीट घालून कुत्र्याला ठेवू नये. तेथील हवा लगेच दमट होते व वाफ थांबते. उभ्या, बंद मोटारीत तर जाकीट असो वा नसो, कुत्र्याला क्षणभरही सोडू नये.

बाभळी-बोरींच्या रानात मोकळे सोडताना जाकीट काढावे, पट्टा काट्यात अडकून इजा होते. जाकीट घातले म्हणून दुपारी बारा ते चार या वेळेत बाहेर नेता येते, असा समज करून घेऊ नये. तळपाय जाकिटाबाहेरच असतात. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताचा पालथा पंजा ठेवून सात आकडे मोजावेत. हात ठेववत नसेल तर कुत्र्यालाही त्यावरून चालवू नये.

रोज वापरानंतर जाकीट साबणाने धुऊन, साबण पूर्ण काढून, कडक उन्हात वाळवावे. ओले जाकीट रात्रभर अंगावर राहिले तर कातडीला चिखल्यांसारखी जखम होते व बुरशी वाढते. कुत्र्याच्या अंगावरचा नायटा माणसाला, विशेषतः लहान मुलांना, लागू शकतो. घरात मुलाच्या अंगावर गोल चट्टा उठला आणि त्याच सुमारास कुत्र्याचे केसही गोल चकत्यांनी गळत असतील, तर दोघांवरही एकाच वेळी उपचार करावे लागतात. जाकीट काढल्यावर गोचिड्यांसाठीही हात फिरवून पाहावा.

उष्माघात झाला तर

सारे करूनही हा प्रसंग येऊ शकतो. धापा थांबता थांबत नाहीत, जीभ व हिरड्या गडद लाल होतात, चिकट लाळ गळते, कुत्रा झोकांड्या खातो, उलटी किंवा जुलाब होतात, आणि शेवटी तो कोसळतो वा झटके येतात. गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर लावून तापमान पाहता येते. हा थर्मामीटर कुत्र्यासाठी वेगळा ठेवावा. १०४ च्या पुढे गेले की धावणे लगेच थांबवून गार करायला लागावे. १०६ म्हणजे जिवावरचा प्रसंग. लक्षणे दिसत असतील तर थर्मामीटर शोधण्यात वेळ घालवू नये.

अशा वेळी पहिले काम म्हणजे जाकीट काढणे. हे वाचून नवल वाटेल, पण जाकीट प्रतिबंधासाठी आहे, उपचारासाठी नाही. अंगावर पडून राहिलेले ओले कापड, मग ते जाकीट असो की टॉवेल, थोड्याच वेळात गरम होते आणि वारा अडवते. कुत्र्याला सावलीत नेऊन थेट अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, पोट व जांघा भिजवाव्यात आणि पंख्याने किंवा पुठ्ठ्याने जोराचा वारा घालावा. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवावे. तोंडात ओतू नये, ते श्वासनलिकेत जाईल. तापमान १०३ पर्यंत उतरले की पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जाते. आधी गार करावे आणि मग पशुवैद्यकाकडे न्यावे. नेताना मोटारीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कुत्रा सावध झाला तरी नेणे टाळू नये. मूत्रपिंडे, यकृत व रक्त गोठण्याची क्रिया यांवर झालेला परिणाम काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी दिसतो.

एक ताकीद माझ्या अधिकारात देतो. उष्माघातावर पॅरासिटामॉलची गोळी माणसालाही उपयोगी पडत नाही, कारण हा जंतूंमुळे आलेला ताप नव्हे. कुत्र्याला तर घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीच देऊ नये. यकृत, जठर व मूत्रपिंडे यांना त्याने इजा होते व जीवही जाऊ शकतो. तसेच घाबरलेला, ग्लानीतला कुत्रा आपल्याच माणसाला चावू शकतो. तसे झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

थोडक्यात सांगायचे तर, छातीच्या मापाने जाकीट निवडावे, कंबर आत घ्यावी, बगल मोकळी ठेवावी आणि कापड ओले असेपर्यंतच अंगावर राहू द्यावे. कधी थांबायचे हे मात्र जाकीट ठरवू शकत नाही. धावणारा कुत्रा स्वतःहून थांबणार नाही. त्याला मालकानेच थांबवले पाहिजे. येत्या आठवड्यात पहाटेच्या वेळी फीत घेऊन मापे लिहून ठेवावीत, आणि सर्वांत जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना सुटीच्या दिवशी उघडा असतो काय, याचीही चौकशी करून ठेवावी.